सुईचं टोपण

आई, आज रविवार आहे आणि सकाळपासून मी दूधवाल्याखेरीज कुणाशी बोललेले नाही. तुळिंजची आपली चाळीतली खोली सोडून मला बरेच दिवस झाले. त्याच रस्त्याला, थोडं पुढे, एका इमारतीत मागच्या बाजूची जागा भाड्याने घेतली आहे. खाली भाजीवाले बसतात, त्यांची ओरड वरपर्यंत येते आणि तेवढीच घरात सोबत असते. बाबा तुझ्यानंतर कोकणात काकांकडे गेले ते तिथेच राहिले. फोनवर ते आंब्याचा मोहोर कसा आहे ते सांगतात, मी जेवले का विचारतात, आणि फोन ठेवतात. तुझा विषय आम्ही काढत नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले आहे. हे कुठे पाठवायचं नाही हे ठाऊक असल्यामुळे सगळं लिहिता येईल असं वाटतं.

मला आठवतं तसं तू कुठलीच टोकदार वस्तू कधी उघडी ठेवली नाहीस. मासे कापून झाले की विळी आडवी करायचीस आणि पात्यावर गोणपाटाचा तुकडा टाकायचीस. शिवणाची सुई कायम दोऱ्याच्या रिळात खोचलेली. मी एकदा ती गोधडीत टोचून खेळायला पळाले होते, तेव्हा तू मला जिन्यावरून परत आणलंस आणि सगळ्या चाळीसमोर धपाटा घातलास. "कोनाच्या पायात जाईल ती, तुला काय त्याचं," म्हणालीस. ही सवय तू माहेरून, अर्नाळ्याहून, घेऊन आली होतीस. आजोबा गळ वापरून झाला की त्याचं टोक हलक्या लाकडाच्या तुकड्यात रुतवून ठेवत, कारण किनाऱ्यावर पोरंबाळं अनवाणी फिरतात, सुकत घातलेल्या बोंबलांखालून बायका ये-जा करतात. टोक झाकल्याशिवाय हातातली वस्तू खाली ठेवायची नाही, ही तुमच्या घराची रीत. पाचवीत तू मला कंपासपेटी आणून दिलीस, तेव्हा आतल्या कंपासच्या टोकावरही तसाच लाकडाचा तुकडा बसवलेला होता. वर्गातल्या मुली हसल्या. मी तो काढून टाकला नाही, पण पेटी उघडताना झाकणाआड लपवायची.

नगरपालिकेच्या दवाखान्यात तू आया म्हणून लागलीस तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरत. तो पाण्याचा डबा, त्यातून निघणारी वाफ आणि चिमट्याने सुया उचलणारी तू, हे मी शाळा सुटल्यावर बाकावर बसून पाहिलेलं आहे. मग प्लास्टिकच्या, एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या आणि सगळे म्हणाले, सुटलो. इंजेक्शन दिलं की सिस्टर सिरिंज ट्रेमध्ये टाकायच्या, ट्रे भरला की तू तो केराच्या बादलीत रिकामा करायचीस, आणि बादली उचलायला मावशी यायची. मावशी म्हणजे सोलापूरकडून आलेली, दवाखान्याची झाडलोट करणारी, तुझी मैत्रीण. तिच्याकडे ना हातमोजे होते ना बूट. बादलीतला कचरा दाबून बसवायचा म्हणून ती हातानेच दाबायची. एकदा तिच्या तळहातात सुई गेली ती जवळजवळ आरपार. त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून ट्रेमधली प्रत्येक सुई उचलायची, तिचं टोपण शोधायचं, डाव्या हाताच्या चिमटीत ते धरून सुईवर बसवायचं आणि मगच ती बादलीत टाकायची, असं तू सुरू केलंस. हे काम तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, अगं रांग लागलीय, कशाला वेळ घालवतेस. टोपणं हरवायची, म्हणून मिळतील तेवढी तू साडीवरच्या एप्रनच्या खिशात साठवायचीस. हिरवी, निळी, केशरी. धुण्याच्या बादलीत ती तरंगताना दिसली की बाबा म्हणायचे, आज पगारात काय मिळालं बघा.

मावशी तेव्हापासून निर्धास्त झाली. ती तुला म्हणायची, तू हाईस म्हणून मी डोळं झाकून हात घालते. आणि तू खूश व्हायचीस. मला ते आठवतं, कारण कौतुकाने तू फारशी कधी खूश व्हायची नाहीस.

पण टोपणाचं तोंड किती बारीक असतं, आई. तुला चाळिशी लागली होती आणि चष्मा लावायचा नव्हता. ओपीडीत गर्दी, कुणाचं मूल रडतंय, कुणी हाक मारतंय, आणि तू एका हातात ते एवढंसं टोपण धरून दुसऱ्या हाताने सुई त्यात घालायला बघतेस. मला आता ते रोज दिसतं. संध्याकाळी तू भाकरीचं पीठ मळायला बसायचीस तेव्हा डाव्या अंगठ्याला किंवा त्याच्या शेजारच्या बोटाला चिकटपट्टी असायची. काय झालं विचारलं की म्हणायचीस, सुई चावली. पुढे पुढे नुसतं, "आज परत चावली." मांजराबद्दल बोलावं तसं. नळाखाली बोट धरायचं, दाबून रक्त काढायचं, पट्टी लावायची आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढाच त्यावरचा उपाय दवाखान्यात सगळ्यांना माहीत होता. काविळीवर लस असते हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी तरी ती घेतली होती की नाही, कुणास ठाऊक.

मी बारावी झाले त्या वर्षी तुला माशाचा वास नकोसा झाला. अर्नाळ्याची बाई, आणि बोंबील भाजायला घेतले तर उठून बाहेर जाते. आम्ही त्याची थट्टा केली. मग डोळे पिवळे झाले. दवाखान्यात नोकरी करणारी तू, पण आधी नेलं ते पापडी गावाच्या पुढे काविळीची माळ देणाऱ्या म्हाताऱ्याकडे, कारण शेजारणी तेच सांगत होत्या. त्याने बारीक काड्यांची माळ गळ्यात घातली. माळ दिवसेंदिवस लांब होत जाते आणि कावीळ तिच्यातून उतरते, असं तो म्हणाला. माळ खरंच लांब झाली. छातीवरून पोटापर्यंत आली. बाबा रोज सकाळी ती बघून म्हणायचे, उतरतेय. तुझे डोळे तसेच पिवळे. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा नर्सने ती माळ कात्रीने कापली आणि तू त्या वेळी शुद्धीवर नव्हतीस हे एक बरं झालं. कागदावर हिपॅटायटिस बी लिहिलं होतं. कुणी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चाळीत मात्र कुजबुज झाली, कारण रक्तातून होणारा आजार म्हटला की लोकांना तेव्हा एकच नाव माहीत होतं, एड्स. तुझ्या तेराव्याला काही घरांतल्या बायका पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

अर्थ मला कॉलेजात कळला. आपल्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथलं सगळं मी जिवाचा कान करून ऐकायची. एका दुपारी बाई शिकवत होत्या. या काविळीचे विषाणू रक्तात असतात, वापरलेल्या सुईतून ते पसरतात, आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांना सुई टोचते ती बहुतेकदा वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना. म्हणून टोपण लावायचंच नाही. सुई लगेच, आहे तशी, जाड भिंतीच्या डब्यात टाकायची. मुली लिहून घेत होत्या. मीही लिहिलं. घरी येऊन भात लावला. बाबांना काही सांगितलं नाही. नेमकी कुठल्या सुईने, कुठल्या दिवशी, हे मला कधीच सिद्ध करता येणार नाही. पण तुझा डावा अंगठा मला माहीत होता. आणि ही गोष्ट सांगावी असं एकच माणूस होतं आणि नेमकं त्याच माणसाला ती सांगता येत नव्हती. ते माणूस म्हणजे मावशी.

पदवीनंतर मी लॅबचा कोर्स केला आणि तुझ्याच दवाखान्यात रक्त तपासायला लागले. पहिल्या दिवशी मावशीने माझ्या पांढऱ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली. तुझं ऐकून तीही मला बाय म्हणायची, अजून म्हणत होती. बाबा मला नावाने हाक मारतात, बाकी सगळ्यांची मी मॅडम. बाय म्हणणारी ती एकटी उरली होती. सणाला डबा आणायची, शेंगांची पोळी, कडक भाकरी. आणि आई, तुझं काम तिने उचललं होतं. आता ती नुसती केर काढत नव्हती. ओपीडीतला ट्रेही तीच रिकामा करायची, आणि तुझ्यासारखी एकेका सुईला टोपण घालायची. तिचा खिसाही हिरव्या-निळ्या टोपणांनी भरलेला. नव्याने लागलेल्या बायकांना, सिस्टरांनासुद्धा ती तेच शिकवायची. उघडी सुई टाकली तर मागून येणाऱ्याचा हात जातो, अगं. हिच्या आईनं माझा हात वाचवला. असं ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची आणि मी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवत खाली मान घालून उभी राहायची.

एका नव्या सिस्टरला टोपण लावताना सुई टोचली. मुलगी घाबरली, दोन दिवस रडत होती. तिची तपासणी झाली, लस दिली, निभावलं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की तुम्ही शिकलेल्या आहात, सगळ्यांना एकत्र बसवून नीट समजावा. मी मनापासून तयारी केली. डबे मिळत नव्हते, म्हणून फिनेलचे रिकामे जाड कॅन धुऊन त्यांच्या झाकणाला सुई जाईल एवढं भोक पाडलं आणि प्रत्येक खोलीत एकेक ठेवला. त्याआधी मावशीला एकटीला सांगावं म्हणून मी तिच्या घरी गेले. तिने पिठलं केलं होतं. माझ्यासाठी लोणच्याची बरणी उघडली. नातवाचं कौतुक सांगितलं, माझ्या लग्नाचं विचारलं. मी जेवले आणि परत आले. रस्त्यावर माझ्या लक्षात आलं की तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं. तू तिच्यासाठी ते करत होतीस आणि त्यातच गेलीस. हे वाक्य कुठल्याही बाजूने धरलं तरी ते तिलाच टोचणार होतं.

बैठक ओपीडी संपल्यावर झाली, बाकांवर. मी चित्रं काढून नेली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून मावशी उठली. भांडायला नाही, समजुतीनं.

"बाय, तुझं बरुबर असंल. पण ह्यो क्यान कुणी उलटा केला तर? कुणी घाईत केरातच सुई टाकली तर? टोपण असलं मंजे भ्या न्हाई. तुझ्या आईनं उगं शिकीवलं व्हय?"

बायका हसल्या. एक म्हणाली, आईपेक्षा लेक शहाणी झाली. मला दिसत होतं की आता या बाकांवरून उठून सगळ्या पुन्हा टोपणंच लावणार आहेत. ती रडलेली सिस्टरसुद्धा. मी म्हणाले, "मावशी, आईला कावीळ झाली ती सुईनं. टोपण लावताना."

मावशी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचताना मला दिसलं. मग ती म्हणाली, "मंजे तिचं चुकलं."

मी हो म्हणाले.

"ती माझ्यापायी लावायची," मावशी म्हणाली. हा प्रश्न नव्हता. पाण्यात जंतुनाशक औषध किती घालायचं, कॅन किती भरल्यावर बंद करायचा, टोचलंच तर पहिल्यांदा काय करायचं, या सगळ्याची उत्तरं मी घोकून आले होते. मावशी पुढे आली. खिशात हात घातला आणि टोपणं काढून माझ्या टेबलावर ठेवायला लागली. मूठभर काढली, पुन्हा हात घातला, शिवणीत अडकलेलं एक नखाने ओढून काढलं. खिसा उलटा करून झटकला. मग झाडू घेऊन गेली.

त्या दिवसापासून दवाखान्यात टोपण लावणं बंद झालं, आई. कॅनमध्ये सगळ्या सुया उघड्या पडतात. हे माझ्या चित्रांनी झालं नाही, मावशीने झालं. कुणाचा हात टोपणाकडे गेला की ती लांबून नाव घेऊन दटावते. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, दुसऱ्या दवाखान्यातही शिकवायला पाठवलं. तिथेही मी सांगते की माझ्या आईचं चुकलं, आणि लोक ऐकतात. फक्त मावशी मला आता मॅडम म्हणते. रागाने नाही. "मॅडम, क्यान भरला." "मॅडम, पानी सांडलंय, जपून." ते 'पानी' तुझं, अर्नाळ्याचं आहे, इतक्या वर्षांत तिच्या तोंडी बसलेलं, आणि ते ऐकून मी लॅबचं दार लावून घेते. डबा येत नाही. नातवाचं काय चाललंय ते मला दुसऱ्यांकडून कळतं.

कंत्राटी बायकांनाही लस मिळावी म्हणून मी अर्ज करत राहिले. कायम नोकरीतल्यांना मिळते, कचऱ्यात हात घालतात त्यांना नाही, हे मला समजतच नव्हतं. शेवटी ती मंजूर झाली. आधी प्रत्येकीचं रक्त तपासायचं होतं. गेल्या आठवड्यात मावशी माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने बाही वर केली. केवढा बारीक झालाय तिचा दंड. मी पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं, सुई बाहेर काढली. आणि माझा डावा हात टेबलावरच्या टोपणाकडे गेला. तो जातोच, आई. दर वेळी. इतक्या जणींना शिकवते, पण माझा स्वतःचा हात अजून जातो आणि मी तो थांबवते, कुणाच्या लक्षात येत नाही. मावशीच्या आलं. कापसाचा बोळा कोपरात दाबून धरत ती म्हणाली, "हात मागं घे." मॅडम नाही, बाय नाही, तरी घ्या न म्हणता घे म्हणाली. मी सुई कॅनमध्ये टाकली. ती खाली पडल्याचा आवाज होईपर्यंत मावशी कॅनकडे बघत होती.

तिच्या तळहातात गेलेली ती सुई मला सारखी आठवत होती, म्हणून तिची तपासणी मी स्वतः केली आणि पुन्हा एकदा केली. काही नाही. इतकी वर्षं कचऱ्यात हात घालून तिला काही झालेलं नाही. काल दुपारी ती पायऱ्या पुसत होती तिथे जाऊन मी सांगितलं. तिने फडकं पिळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंजे तिची टोपणं लागू पडली."

मी शिकलेली आहे. एका सुईने काय होतं आणि काय होत नाही, किती गोष्टी नशिबावर असतात, हे मला माहीत आहे. तुझ्या टोपणांमुळे ती वाचली असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही, आणि असं चार बायकांत म्हटलं तर उद्या सगळ्या पुन्हा टोपणं लावायला लागतील, हेही मला कळतं. मी इकडेतिकडे पाहिलं. पायऱ्यांवर आम्ही दोघीच होतो.

मी हो म्हणाले.